स्तनग्रंथीतल्या मूलपेशींचे ‘उमेदवार’ रंगाने कसे ओळखायचे? नवख्यांसाठी पायरीपायरीने

स्तनग्रंथीवर काम सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात विचारतो, “मूलपेशी दिसतात कशा?” खरं उत्तर असं की त्या वेगळ्या दिसतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालच्या हजार पेशींतून बोट ठेवून “ही बघ” म्हणावं असा त्यांचा चेहरामोहरा नाही. म्हणून आपण त्यांचं वागणं बघतो. पेशीला रंग पाजायचा आणि ती त्या रंगाचं काय करते यावर नजर ठेवायची.

पुढच्या पायऱ्या मुख्यतः होक्स्ट ३३३४२ या रंजकाच्या आहेत. त्यात रंग बाहेर फेकणाऱ्या पेशी शोधायच्या असतात. शेवटाकडे पातळ छेदांवर फिकट राहणाऱ्या पेशींबद्दलही लिहिलं आहे. उदाहरण उंदराच्या ग्रंथीचं घेतलं आहे, कारण या विषयाचा पाया तिथेच घातला गेला.

सुरुवातीलाच एक शब्द मनात पक्का करा: उमेदवार. अर्ज भरला म्हणजे निवडून आला असं होत नाही. रंगातून हाती येते ती उमेदवारांची यादी. मूलपेशी कोण, हे ती पेशी नवी ग्रंथी उभी करते की नाही यावरच ठरतं. हा फरक विसरून लिहिलेले अहवाल मी बरेच वाचलेत, आणि त्यातल्या चुका बहुतेक वेळा रंगाच्या नव्हत्या, या एका शब्दाच्या होत्या.

हा रंग करतो काय

होक्स्ट ३३३४२ जिवंत पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो आणि डीएनएला जाऊन बसतो, विशेषतः अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोड्या जिथे दाट असतात तिथे. अतिनील प्रकाश पडला की तो निळा चमकतो. त्याच प्रकाशात त्याची थोडी चमक लाल बाजूलाही मोजता येते.

१९९६ मध्ये मार्गारेट गुडेल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशींना हा रंग दिला आणि निळी व लाल चमक एकाच आलेखावर मांडली. मुख्य घोळक्याच्या डावीकडे खाली एक बारीक शेपटी दिसली. तिच्यातल्या पेशींत रंग कमी होता, आणि रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी त्या शेपटीत एकवटलेल्या निघाल्या. या गटाला ‘साइड पॉप्युलेशन’ म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ‘एसपी’च म्हणतात, तेव्हा इथेही तेच.

या पेशींत रंग शिरत नाही असं नाही. तो शिरतो आणि पेशी तो उपसून बाहेर टाकतात. उपसणारा मुख्य पंप एबीसीजी२ आहे, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. त्यानंतर जे कळलं ते माझ्या मते नवख्यानं सर्वांत आधी वाचायला हवं. या पंपाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेतली एसपी शेपटी जवळपास नाहीशी झाली, पण उंदीर जगले, वाढले आणि त्यांचं रक्त तयार होत राहिलं. मूलपेशी होत्याच, फक्त दिसेनाशा झाल्या होत्या. म्हणजे पंप ही त्या पेशींची एक सवय आहे, त्यांचं मूलपेशी असणं त्यावर अवलंबून नाही.

स्तनग्रंथीत हा मुद्दा आणखी टोकदार होतो. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आणि दूध चालू असताना ग्रंथीतल्या दूध बनवणाऱ्या पेशी स्वतःच एबीसीजी२ भरपूर तयार करतात. २००५ मध्ये हे उंदीर, गाय आणि माणूस या तिघांत दाखवलं गेलं. काही औषधं दुधात उतरतात ती या पंपामुळे, आणि उंदरात रायबोफ्लेविन दुधात पोचतं तेही याच वाटेनं. तेव्हा दुभत्या ग्रंथीत रंग उपसणारी पेशी सापडली तर ती मूलपेशी मानायला काहीच आधार नाही. ती आपलं रोजचं काम करणारी, पूर्ण घडलेली पेशी असू शकते.

पायरी १: प्राणी आणि वेळ

सुरुवात कधीही गर्भार न राहिलेल्या, साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या मादी उंदरांपासून करा. कारण वर आलंच. दुसरी गोष्ट ऋतुचक्राची. उंदराचं चक्र ४-५ दिवसांचं असतं आणि त्यातल्या संप्रेरकांच्या चढउतारानं ग्रंथीतल्या पेशींचं प्रमाण बदलतं. २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मूलपेशींनी समृद्ध असलेला बेसल गट (नळीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी) या संप्रेरकांना चांगलाच प्रतिसाद देतो. आज एका टप्प्यातले उंदीर आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्यातले घेतले, तर फरक तुमच्या हाताचा की चक्राचा हे कळणार नाही. योनिमार्गाचा स्मिअर घेऊन टप्पा वहीत नोंदवा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्राण्यांवरच्या कामाची परवानगी आणि प्रशिक्षण ही पूर्वअट आहे. ती नसेल तर पुढे वाचा, पण हात लावू नका.

पायरी २: ग्रंथी काढणं आणि सोडवणं

उंदराला ग्रंथींच्या पाच जोड्या असतात. सर्वांत सोयीची चौथी, जांघेजवळची. तिच्या मधोमध, रक्तवाहिन्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे, दाण्याएवढी लसीका गाठ असते. ती आधी उचलून टाका. राहिली तर तुमच्या नळीत पांढऱ्या पेशींची झुंबड उडेल, आणि त्यातल्या काही रंगही उपसतात.

ऊतक कात्रीनं किंवा पात्यानं बारीक करा, ओल्या लगद्यासारखं दिसेपर्यंत. मग कोलॅजिनेज आणि हायलुरोनिडेज हे ऊतक सैल करणारे विकर घातलेल्या माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला हलवत ठेवा. वेळ विकराच्या ताकदीवर ठरते. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. अधूनमधून एक थेंब काचेवर घेऊन बघा. चरबी सुटून वर तरंगायला लागते आणि खाली नळ्यांचे, कळ्यांचे छोटे तुकडे दिसतात, द्राक्षाच्या घडाचे तुकडे पडावेत तसे. कडा स्वच्छ आणि घड अजून घट्ट, असं दिसलं की थांबा.

पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चरबी टाका. अमोनियम क्लोराइडनं तांबड्या पेशी फोडा. मग ट्रिप्सिन, अगदी थोडा वेळ, एक ते तीन मिनिटं. त्यानंतर डिस्पेज आणि डीएनेज. ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात आणि पुढची प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे, चमकता रंग लावलेले रेणू) बसत नाहीत. डीएनेज मात्र विसरू नका. मेलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए चिकट असतो, सगळ्या पेशी त्यात अडकतात आणि नळीत जेलीसारखा धागा तयार होतो. पिपेटच्या टोकाला असा धागा लोंबताना दिसला तर गाळत बसू नका, थोडं डीएनेज आणखी घालून दोन मिनिटं थांबा. शेवटी ४० मायक्रॉनची जाळी.

आता मोजणी. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशीच निळ्या करणारा रंग) घालून जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगवेगळ्या मोजा. ही मोजणी अंदाजपंचे करणारे बरेच भेटतात, आणि पुढच्या पायरीतले निम्मे घोटाळे इथेच जन्माला येतात.

पायरी ३: रंग देणं

खरा प्रयोग हा. बाकी तयारी.

पंप चालायला ऊर्जा लागते. पेशी उबदार आणि पोट भरलेली असेल तरच ती रंग उपसेल. म्हणून ग्लुकोज असलेलं माध्यम, त्यात २ टक्के सीरम आणि १० मिलिमोलर हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य), आणि ते आधीच ३७ अंशांवर आणलेलं. ‘आधीच’ यावर माझा भर आहे. मी नवीन असताना तीन आठवडे माझी शेपटी दर वेळी वेगळी यायची, कधी ठळक, कधी गायब. रंग बदलला, विकर बदलले. शेवटी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी वॉटर बाथमध्ये नव्हे, थेट माझ्या नळीत तापमापक बुडवला. बाथ ३७ दाखवत होता आणि नळीत ३१ होते. फ्रिजमधून काढलेलं माध्यम मी तसंच वापरत होते आणि त्याला गरम व्हायला लागणारा वेळ रंगाच्या वेळेतच मोजत होते. तेव्हापासून एक रिकामी, फक्त माध्यम भरलेली नळी शेजारी ठेवते आणि तापमापक तिच्यात उभा असतो.

प्रमाण असं: १ मिलिलिटरमध्ये १० लाख पेशी, त्यात ५ मायक्रोग्रॅम होक्स्ट, ३७ अंशांवर ९० मिनिटं. हे आकडे अस्थिमज्जेवरून आले आहेत आणि सुरुवातीला ठीक आहेत. पण स्तनग्रंथीच्या पेशी आकारानं वेगळ्या, त्यांची तयारी वेगळी, म्हणून स्वतःचं प्रमाण स्वतः ठरवावंच लागतं. २.५, ५, ७.५ आणि १० मायक्रोग्रॅम अशा चार नळ्या, आणि प्रत्येकीतून ४५, ६० व ९० मिनिटांनी थोड्या पेशी काढून बघा. एक दिवस जातो, पण पुढचे सहा महिने वाचतात.

रंग कमी पडला तर सगळ्याच पेशी फिक्या दिसतात आणि शेपटी फुगून येते. नवखा खूश होतो, कारण त्याला वाटतं भरपूर मूलपेशी मिळाल्या. रंग जास्त झाला तर पंप दमतो, उपसा कमी पडतो आणि शेपटी आटते. पेशी चुकून दुप्पट घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला रंग निम्मा येतो, म्हणजे पुन्हा पहिलीच चूक. मोजणीवर मी इतकी अडून बसते ते यासाठी.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या नळ्या. यांच्याशिवाय शेपटीला काडीचीही किंमत नाही.

पहिली नळी बिनरंगाची. दुसरी फक्त होक्स्टची. तिसरी होक्स्ट आणि पंप बंद करणारं औषध. हे औषध रंगाच्या १०-१५ मिनिटं आधी घालायचं, म्हणजे रंग येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. व्हेरापामिल ५० ते १०० मायक्रोमोलर ही जुनी, सगळीकडे वापरली जाणारी निवड. पण व्हेरापामिलचा मुख्य भर पी-ग्लायकोप्रोटीन या दुसऱ्या पंपावर आहे. तुम्हाला एबीसीजी२ बद्दल बोलायचं असेल तर केओ१४३ किंवा फ्युमिट्रेमॉर्जिन सी घ्या. चौथी नळी, जी बहुतेक जण टाळतात, ती औषध ज्यात विरघळवलं त्या द्रावकाची. डीएमएसओ किंवा अल्कोहोल, तितक्याच प्रमाणात, औषधाशिवाय. पेशी औषधानं बदलल्या की द्रावकानं, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही.

पाचवी नळी माझ्या आग्रहाची आहे: त्याच उंदराची अस्थिमज्जा, त्याच रंगात, त्याच वेळी. तिथली शेपटी कशी दिसते हे जगभर ठाऊक आहे. मज्जेत शेपटी आली आणि ग्रंथीत नाही, तर रंग, तापमान, यंत्र सगळं ठीक आहे. दोष ग्रंथी सोडवण्यात शोधा. दोन्हींत नाही, तर रंगाकडे आणि यंत्राकडे वळा. शोधाशोध अर्ध्यावर येते.

वेळ चालू असताना दर १५ मिनिटांनी नळ्या हळूच उलटसुलट करा, पेशी तळाला बसू देऊ नका. अंधार ठेवा. वेळ संपली की क्षणाचाही उशीर न करता बर्फात. पेशी उबदार राहिल्या तर उपसा चालूच राहतो आणि सगळ्याच पेशी थोड्या थोड्या फिक्या होत जातात. इथून पुढे सॉर्टिंग (यंत्रानं हव्या त्या पेशी वेगळ्या काढणं) संपेपर्यंत सगळं ४ अंशांवर: सेंट्रिफ्यूज, माध्यम, प्रतिपिंडं, यंत्रावरचा नळीचा साचासुद्धा.

होक्स्ट डीएनएला चिकटतो, म्हणजे तो तुमच्याही डीएनएला चिकटेल. हातमोजे घाला, पावडर तोलताना मास्क लावा, टाकाऊ द्रव वेगळा जमा करा.

पायरी ४: यंत्रावर

फ्लो सायटोमीटर म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणारं यंत्र. अतिनील लेझर असलेला सर्वांत चांगला, साधारण ३५५ नॅनोमीटरचा. निळ्यासाठी ४५०च्या आसपासचा फिल्टर, लालसाठी ६७५च्या आसपासचा, आणि दोन्ही वेगळे करायला मध्ये ६१०चा आरसा. फक्त ४०५चा जांभळा लेझर असेल तर होक्स्ट चालतो पण शेपटी अस्पष्ट येते. अशा यंत्रासाठी डायसायकल व्हायोलेट हा रंजक वापरा, तोही एसपी दाखवतो.

लेझर सुरू करून वीस-तीस मिनिटं स्थिर होऊ द्या. निळा आणि लाल दोन्ही अक्ष रेषीय ठेवा, लॉगरिदमिक नको. लाल आडव्या अक्षावर, निळा उभ्या. मुख्य घोळका, म्हणजे विभाजनाच्या तयारीत नसलेल्या पेशी, आलेखाच्या साधारण मध्यावर आणा. त्यांच्या वर उजवीकडे विभाजनाच्या मार्गावरच्या, दुप्पट डीएनए असलेल्या पेशी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. हे दोन घोळके एकमेकांत मिसळलेले असतील तर शेपटीकडे बघूच नका, आधी प्रवाह कमी करा आणि लेझरची जुळणी तपासा.

मेलेल्या पेशींसाठी प्रोपिडियम आयोडाइड, मिलिलिटरला १ ते २ मायक्रोग्रॅम. तो या मांडणीत पार उजव्या कडेला जाऊन बसतो, म्हणून सोयीचा. डॅपी हा रंजक नको, तो होक्स्टच्याच निळ्यात येतो.

पायरी ५: गेट कुठे काढायचा

गेट म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशींभोवती आखलेली हद्द. क्रम पाळा. आधी कचरा काढा. मग जोड्या काढा, कारण स्तनग्रंथीच्या पेशी एकमेकींना फार चिकटतात, आणि एक बेसल व एक ल्युमिनल (पोकळीकडच्या थरातली) पेशी चिकटून आल्या तर दोन्हींच्या खुणा एकाच पेशीवर असल्याचा भास होतो. मग मेलेल्या. मग रक्ताच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी, सीडी४५, टीईआर११९ आणि सीडी३१ या खुणांवरून. हे सगळं वगळल्यावर उरलेल्यांवर होक्स्टचा आलेख उघडा.

गेट आधी बंद-पंपाच्या नळीवर काढा, होक्स्टच्या नळीवर नव्हे. ज्या भागात औषध घातल्यावर जवळपास काहीच उरत नाही, तो भाग आखा आणि तोच गेट जसाच्या तसा होक्स्टच्या नळीवर ठेवा. उलट केलंत तर डोळा हवं तेच बघतो. शेपटीचा आकारही बघा: ती मुख्य घोळक्यातून सलग निघून डावीकडे खाली वळते. आलेखाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सुटा पडलेला ठिपक्यांचा ढीग एसपी नसतो, तो बहुधा फुटक्या पेशी आणि उरलेल्या तांबड्या पेशी.

आकड्यांबद्दल वास्तव धरा. प्रकाशित कामांतली स्तनग्रंथीची एसपी टक्केवारी एका टक्क्याहून कमीपासून काही टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे, आणि फरक बराचसा हाताळणीचा आहे. समजा तुमच्याकडे ती अर्धा टक्का आहे. सगळं वगळून १ लाख पेशी उरल्या तर शेपटीत ५०० येतील. औषधाच्या नळीत त्याच गेटमध्ये १०० उरल्या, तर खऱ्या अर्थानं हिशेबात धरायच्या ४००. दहा हजार पेशी मोजून शेपटीचे आकडे छापू नका.

पायरी ६: दुसरी साक्ष

२००६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की उंदराच्या ग्रंथीतली एकच पेशी पूर्ण ग्रंथी उभी करू शकते. त्यांनी निवड रंगावरून केली नव्हती, पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून केली होती: सीडी२४ असलेल्या आणि सीडी२९ किंवा सीडी४९एफ जास्त असलेल्या पेशी. त्यानंतर एकट्या होक्स्टच्या शेपटीवर विसंबणं मागं पडलं, आणि ते योग्यच झालं. म्हणून होक्स्टनंतर, बर्फावरच, ही प्रतिपिंडंही लावा आणि शेपटीतल्या पेशी त्या नकाशावर कुठे पडतात ते बघा. बेसल भागात किती, ल्युमिनल भागात किती, हे टक्केवारीपेक्षा जास्त बोलकं असतं. प्रतिपिंडांचे रंग निवडताना होक्स्टचे निळे आणि लाल दोन्ही रकाने मोकळे सोडायला विसरू नका.

छेदांवरच्या फिकट पेशी

पेशी सुट्या केल्या की एक गोष्ट कायमची हरवते: ती कुठे बसली होती. ते बघायला छेदच हवा. १९९७ मध्ये चेप्को आणि स्मिथ यांनी उंदराच्या ग्रंथीत रंग कमी घेणाऱ्या, फिकट पेशींचं वर्णन केलं. त्यातल्या लहान फिकट पेशी पोकळीपर्यंत पोचत नाहीत, शेजारणींच्या मध्ये दडून असतात, आणि विभाजनाची क्षमता या फिकट गटांत दिसते. पुढे गाईच्या ग्रंथीतही अशा फिकट पेशी आढळल्या आणि विभाजन होणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा निघाला.

यासाठी साधा मेणाचा छेद चालत नाही. ऊतक ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करून, ऑस्मियम देऊन, रेझिनमध्ये बसवून सुमारे १ मायक्रॉनचे छेद घ्यायचे आणि टोल्युडिन ब्लूनं रंगवायचे. गरम तव्यावर काही सेकंद, कडा सुकायला लागल्या की पाण्यानं धुवा. जास्त रंगवलं तर सगळंच गडद निळं होतं आणि फिकेपण बुडून जातं.

भिंगाखाली एका नळीवर थांबा. पोकळीच्या कडेनं उंच, निळ्या पेशींची रांग दिसेल, बाहेरून चपट्या मायोएपिथेलियल (आकुंचन पावणाऱ्या) पेशींची किनार. त्यांच्या मधोमध, पायाच्या बाजूला, एखादी गोलसर पेशी अशी सापडते की जणू तिथे रंग पोचलाच नाही. पेशीद्रव्य जवळजवळ पांढुरकं, आतले घटक थोडे, केंद्रकही फिकं. दुधाचे थेंब नाहीत, स्रावाचं कसलंही चिन्ह नाही. पहिल्यांदा बघताना ती भोकासारखी वाटते आणि नजर तिच्यावरून घसरून जाते. फोकस हळूहळू वरखाली करा, तिची कड दिसते.

इथला धोका स्थिरीकरणाचा. ताज्या ऊतकाला चिमट्यानं दाबलं, किंवा मोठा तुकडा द्रावणात टाकला, तर काही पेशी आक्रसून गडद होतात आणि काही फुगून फिकट. ती हाताळणीची खूण असते, पेशीचा स्वभाव नव्हे. म्हणून तुकडे १ मिलिमीटरचे, काढल्या काढल्या द्रावणात, आणि कापलेल्या कडेजवळच्या पेशी मोजणीत धरायच्या नाहीत. मोजणाऱ्या व्यक्तीला नमुना कोणत्या प्राण्याचा हे ठाऊक नसावं. फिकं आणि मध्यम यांतली सीमा डोळ्यानं ठरते, आणि डोळा आशेनं झुकतो.

अर्ज ते निवड

उमेदवार हाती आले की खरी परीक्षा. तिची पद्धत डीओम आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिली. तीन आठवड्यांच्या मादी उंदराची चौथी ग्रंथी उघडायची. या वयात ग्रंथीच्या फांद्या स्तनाग्राजवळच असतात, लसीका गाठीपलीकडे गेलेल्या नसतात. तो भाग कापून टाकला की मागे उरते ती फक्त चरबीची गादी, ग्रंथीविना. तिच्यात तुमच्या पेशी टोचायच्या आणि सहा ते आठ आठवडे वाट बघायची.

पेशींची संख्या उतरत्या क्रमानं ठेवा, प्रत्येक संख्येसाठी अनेक गाद्या. ज्या संख्येला सुमारे ३७ टक्के गाद्या रिकाम्या राहतात, त्या संख्येत सरासरी एक ग्रंथी उभारणारी पेशी आहे असा हिशेब निघतो. हाच हिशेब शेपटीतल्या, शेपटीबाहेरच्या आणि न निवडलेल्या पेशींसाठी करा. एकच गट टोचून “ग्रंथी आली” म्हणण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीत शेपटीबाहेरच्या पेशींवर अन्याय होतो, तो लक्षात ठेवा. होक्स्ट विषारी आहे. शेपटीतल्या पेशींनी तो बाहेर टाकलेला असतो, बाकीच्या तो पोटात घेऊनच टोचल्या जातात. त्या ग्रंथी उभी करू शकल्या नाहीत, तर दोष कुवतीचा की विषाचा? याला उपाय म्हणून एक गट होक्स्टशिवाय, फक्त सीडी२४ आणि सीडी४९एफवरून निवडून टोचा आणि तुलना करा.

आठवडे भरले की गादी काढून काचेवर पसरा, कार्नॉयच्या द्रावणात स्थिर करा आणि रात्रभर कार्माइन-अ‍ॅलममध्ये ठेवा. सकाळी अल्कोहोलच्या पायऱ्या, मग झायलीनमध्ये चरबी पारदर्शक होते. ग्रंथी उभी राहिली असेल तर त्या पारदर्शक गादीत लालसर फांद्या पसरलेल्या दिसतात, कडेपर्यंत गेलेल्या, एकमेकींपासून अंतर राखून. देणारा प्राणी चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा घेतला असेल, तर रंगवण्याआधीच त्या फांद्या त्याच्या आहेत की यजमानाच्या, हे तपासून घ्या. यजमानांतल्या काही माद्या गर्भार राहू द्या: दुधाच्या कुप्या भरल्या का ते बघा. उभ्या राहिलेल्या ग्रंथीतून पेशी काढून दुसऱ्या गादीत पुन्हा टोचा. दुसऱ्यांदाही ग्रंथी आली तर त्या पेशीनं स्वतःसारख्या आणखी पेशी घडवल्या, असं म्हणता येईल.

आणि प्रत्येक तुकडीत दोन-तीन गाद्या साफ करून, काहीही न टोचता ठेवा. त्याही त्याच दिवशी काढा, त्याच कार्माइनमध्ये बुडवा. त्यातल्या एकीत जरी लाल फांदी दिसली तर साफसफाई अपुरी झाली आहे, आणि त्या दिवशीची सगळी तुकडी हिशेबातून वगळावी लागते.